नमुना यादृच्छिक कशामुळे ठरतो?

प्रबंधातल्या ‘संशोधन पद्धती’ या प्रकरणात एक वाक्य हमखास सापडतं: ‘अभ्यासासाठी साध्या यादृच्छिक पद्धतीने 100 उत्तरदात्यांची निवड करण्यात आली.’ बस्स. यादी कुठून आणली, क्रमांक कसे काढले, किती जण भेटलेच नाहीत, याबद्दल पुढे अवाक्षर नाही. बरेचदा प्रत्यक्षात घडलेलं असतं ते असं, की प्रश्नावलीची लिंक ओळखीच्या ग्रुपांवर फिरवली आणि 100 उत्तरं जमली तिथे थांबलं. यात गुन्हा काही नाही. याला सोयीचा नमुना म्हणतात आणि प्रश्नावली तपासून बघण्यासारख्या कामांना तो चालतोही. पण त्यालाच यादृच्छिक, म्हणजे निवड निव्वळ दैवावर सोडून काढलेला, म्हटलं, की पुढच्या प्रकरणातली त्रुटीची मर्यादा (उत्तर खऱ्या आकड्यापासून किती दूर असू शकतं) आणि सार्थकतेच्या चाचण्या (दिसलेला फरक निव्वळ योगायोग तर नाही ना) हे सगळं हवेत तरंगायला लागतं.

कारण नमुना यादृच्छिक आहे की नाही, हे नमुन्याकडे बघून कळत नाही. तो कसा काढला यावरून ते ठरतं. हातात आलेल्या शंभर नावांवर कुठलीही खूण नसते. त्यात स्त्रिया-पुरुष निम्मे निम्मे आहेत, सगळ्या वयाचे लोक आहेत, म्हणजे तो यादृच्छिक असं म्हणता येत नाही. आणि सत्तर जण एकाच वयोगटातले निघाले म्हणून तो यादृच्छिक नाही, असंही नाही.

एक ग्रंथालय डोळ्यांसमोर ठेवू. त्याचे 850 सभासद आहेत आणि आपल्याला जाणून घ्यायचंय की सभासद रोज सरासरी किती मिनिटं वाचतात. सगळ्यांना विचारायला ना वेळ आहे ना माणसं. सहज सुचणारा उपाय म्हणजे ग्रंथालयाच्या दारात उभं राहायचं आणि येईल त्याला विचारायचं. त्यात आपण कुणाची निवड केली नाही, जो आला त्याला विचारलं, म्हणून ते निःपक्षपाती वाटतं. पण रोज येणारा सभासद त्या दिवशी सापडण्याची शक्यता महिन्यातून एकदा येणाऱ्याच्या जवळजवळ तीसपट असते. आणि रोज येणारे कोण? जास्त वाचणारे. म्हणजे जे मोजायचं होतं त्याच गोष्टीने आपला नमुना निवडून दिला. हाताला लागेल ते उचलणं हे असंच असतं: निवड झालेली असते, फक्त ती कुणी केली ते दिसत नाही.

साध्या यादृच्छिक निवडीत हे काम दैवावर सोपवलं जातं, पण नियमात बांधलेल्या दैवावर. व्याख्या अशी: समष्टीत, म्हणजे ज्यांच्याबद्दल बोलायचं आहे त्या संपूर्ण समूहात, जितके म्हणून ठरावीक आकाराचे गट पाडता येतील, त्यातल्या प्रत्येक गटाला नमुना म्हणून निवडलं जाण्याची सारखीच संधी हवी. पुष्कळ ठिकाणी ‘प्रत्येक व्यक्तीला समान संधी’ एवढंच लिहिलेलं असतं. ते अर्धवट आहे. आपल्या 850 जणांच्या यादीत 1 ते 10 मधला एक आकडा चिठ्ठीने काढला, समजा 7, आणि मग 7, 17, 27 असं दर दहावं नाव घेत गेलो, तर प्रत्येकाला दहात एक अशी समान संधी मिळते. तरीही हा साधा यादृच्छिक नमुना नाही. कारण या पद्धतीत एकूण दहाच नमुने शक्य आहेत. 850 मधून 85 जण निवडायच्या खऱ्या शक्यता मोजल्या तर शंभराहून अधिक अंकी संख्या येते. शिवाय यादीत एका घरातले सभासद शेजारी शेजारी असतील, तर दर दहाव्याच्या पद्धतीत ते दोघं एकाच नमुन्यात कधीच येणार नाहीत. या पद्धतीला नियमबद्ध निवड म्हणतात, ती वाईट नाही, पण तिचं गणित वेगळं आहे.

गटांच्या समान संधीने काय साधतं, ते पाचच माणसं घेऊन पूर्ण मोजून बघू. पाच सभासद रोज अनुक्रमे 10, 20, 30, 40 आणि 100 मिनिटं वाचतात. खरी सरासरी 40. आता यातून दोघांचा नमुना काढायचा. अशा जोड्या दहाच होतात, आणि त्यांच्या सरासऱ्या येतात 15, 20, 25, 55, 25, 30, 60, 35, 65 आणि 70. कागदावर मांडून बघा. या दहांपैकी एकीतही 40 नाही! म्हणजे कुठलीही जोडी आली तरी आपलं उत्तर चुकणारच. पण दहाही आकड्यांची बेरीज 400 आणि सरासरी बरोबर 40. प्रत्येक माणूस दहापैकी चार जोड्यांत येतो, कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही.

साध्या यादृच्छिक नमुन्याचं आश्वासन एवढंच आहे. एखादा नमुना बरोबर उत्तर देईल, असं ते म्हणत नाही. चुका दोन्ही बाजूंना अशा पसरतील की त्यांचा कल एकीकडे झुकणार नाही, आणि त्या किती पसरतील याचा अंदाज आधी बांधता येईल, इतकंच ते म्हणतं. दोनऐवजी तिघांचा नमुना घेतला तर? तेव्हाही गट दहाच, पण आता सर्वांत कमी सरासरी 20 आणि सर्वांत जास्त 56.7. दोघांच्या नमुन्यात हाच पसारा 15 ते 70 होता. नमुना वाढला की चुकीचा पट्टा अरुंद होतो. दारात उभं राहून माणसं वाढवत नेली तर मात्र पट्टा अरुंद होतो तो चुकीच्या जागेभोवती, आणि आपला आत्मविश्वास तेवढा वाढतो.

याचं जगप्रसिद्ध उदाहरण 1936 सालच्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीचं. ‘लिटररी डायजेस्ट’ नावाच्या साप्ताहिकाने सुमारे 1 कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, 20 लाखांहून जास्त परत आल्या, आणि त्यांनी दोन प्रमुख उमेदवारांपैकी लँडन जिंकणार असं सांगितलं. जिंकले दुसरे, रूझवेल्ट, तेही सुमारे 61 टक्के मतं घेऊन. कारण म्हणून बहुतेक ठिकाणी सांगतात की पत्ते टेलिफोन डिरेक्टरी आणि मोटारींच्या नोंदण्यांमधून घेतले होते, आणि मंदीच्या काळात ही चैन परवडणारे लोक वेगळ्या मताचे होते. ते खरंच आहे. मला मात्र त्याच गोष्टीचा दुसरा भाग जास्त बोलका वाटतो: ज्यांना मतपत्रिका मिळाल्या त्यांतल्याही तीन चतुर्थांश लोकांनी उत्तरच दिलं नाही. उत्तर देणारे आणि न देणारे यांची मतं सारखी असतील असं धरून चालण्याला काहीच आधार नव्हता. 20 लाखांचा आकडा बघून कुणी तो प्रश्न विचारला नसावा.

आता प्रत्यक्ष नमुना काढू. पहिलं काम यादीचं, आणि निम्मी लढाई इथेच होते. यादीला नमुना चौकट म्हणतात. ज्याचं नाव यादीत नाही त्याची निवडीची संधी शून्य, मग पुढची पद्धत कितीही शुद्ध असो. सभासदत्व सोडून गेलेले, दोनदा नोंदले गेलेले, गेल्याच महिन्यात आलेले पण अजून वहीत न चढलेले, हे सगळं आधी निस्तरावं लागतं. दोनदा नोंद झालेल्याची संधी जवळजवळ दुप्पट होते, हे सहसा लक्षात येत नाही. यादी साफ झाली की 001 ते 850 क्रमांक द्यायचे.

दुसरं काम क्रमांक काढण्याचं. जुना मार्ग चिठ्ठ्यांचा. तो फसवा आहे, कारण चिठ्ठ्या नीट मिसळणं वाटतं त्यापेक्षा फार अवघड असतं. व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात कुणाला आधी बोलवायचं हे ठरवायला अमेरिकेने 1 डिसेंबर 1969 रोजी जन्मतारखांची सोडत काढली. वर्षाच्या 366 तारखा 366 कुप्यांत घातल्या होत्या. ज्याच्या जन्मतारखेची कुपी आधी निघेल, त्याला आधी बोलावणं. कुप्या महिन्यांच्या क्रमाने खोक्यात पडल्या होत्या आणि पुरेशा ढवळल्या गेल्या नाहीत. निकाल छापून आल्यावर संख्याशास्त्रज्ञांनी प्रत्येक तारखेला मिळालेल्या सोडत-क्रमांकाची (1 ते 366) महिन्यावार सरासरी काढली. मिसळण चोख असती तर प्रत्येक महिन्याची सरासरी 183.5 च्या आसपास यायला हवी होती. जानेवारीची आली सुमारे 201, डिसेंबरची सुमारे 121. डिसेंबरच्या 31 पैकी 26 तारखा पहिल्या निम्म्यात निघाल्या. वर्षाच्या शेवटी जन्मलेल्या मुलांना युद्धावर लवकर जावं लागलं, ते कुणाच्या दुष्टाव्यामुळे नव्हे, आळशी ढवळण्यामुळे. पुढच्या वर्षीच्या सोडतीत क्रम लावण्यासाठी यादृच्छिक अंकांचा आधार घेतला गेला.

म्हणून यादृच्छिक अंकांच्या कोष्टकांची गरज पडली. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ एल. एच. सी. टिपेट यांनी 1927 साली 41,600 अंकांचं कोष्टक प्रसिद्ध केलं, त्यातले अंक जनगणनेच्या अहवालांतून उचलले होते. अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशनने 1955 साली तर दहा लाख यादृच्छिक अंकांचा ग्रंथच छापला. पानंच्या पानं नुसते आकडे. आपलं 850 जणांचं काम अशा कोष्टकावर असं चालतं: कुठूनतरी सुरुवात करून तीन-तीन अंक वाचायचे. 417 आला, घेतला. 902 आला, एवढे सभासदच नाहीत, सोडला. 063 घेतला. परत 417 आला, आधीच निवडलाय, सोडला. इथे एक मोह होतो: 902 वाया का घालवायचा, त्यातून 850 वजा करून 52 घेऊ. तसं केलं तर 001 ते 149 या क्रमांकांना दोन वाटा मिळतात, एक स्वतःची आणि एक वजाबाकीची. त्यांची संधी दुप्पट होते. सोडायचा तो अंक सोडायचाच.

आज हे काम स्प्रेडशीटमध्ये पाच मिनिटांत होतं. नावांशेजारच्या रकान्यात रँड (RAND) फंक्शन, म्हणजे यादृच्छिक आकडा देणारं सूत्र, खालपर्यंत ओढायचं, म्हणजे प्रत्येक नावापुढे 0 ते 1 मधला एक आकडा येतो. मग ते आकडे कॉपी करून फक्त किमती म्हणून पेस्ट करायचे, नाहीतर शीट जरा हलली की आकडे बदलतात. नंतर सगळे रकाने एकत्र निवडून त्या आकड्यानुसार क्रम लावायचा आणि वरची हवी तितकी नावं घ्यायची. एकट्या आकड्यांच्या रकान्याचाच क्रम लावला तर नावं जिथल्या तिथे राहतात आणि आपण यादीतली पहिली 265 नावं ‘यादृच्छिक’ म्हणून घेऊन बसतो. ती आकड्यांसकट फाइल जपून ठेवावी. उद्या कुणी विचारलं, तर दाखवायला पुरावा तोच.

मनाने मात्र आकडे काढू नयेत. माणसाला ‘कुठलेही दहा क्रमांक सांग’ म्हटलं, की तो लागोपाठचे टाळतो, गोल आकडे टाळतो, सगळीकडून थोडे थोडे घेतो. खऱ्या यादृच्छिक निवडीत 311, 312, 313 असे तिघं शेजारी येऊ शकतात.

आणि आलेला नमुना आवडला नाही म्हणून परत काढायचा नाही, यावर मी अडून बसेन. समष्टीत स्त्रिया निम्म्या असतील तर 100 जणांच्या नमुन्यात बरोबर 50 स्त्रिया येण्याची शक्यता जेमतेम 8 टक्के आहे. 44 किंवा 57 येणं अगदी स्वाभाविक. ‘समतोल दिसेपर्यंत’ पुन्हा पुन्हा काढत राहिलं, तर निवड दैवाच्या हातून निसटून परत आपल्या हातात येते. समतोल हवाच असेल तर तो आधी ठरवून, स्तर पाडून आणायचा, त्याकडे येतोच.

मघाशी 265 म्हटलं, ते कुठून आलं? संशोधन करणारे सर्वांत जास्त अडखळतात ते इथे. ‘समष्टीच्या दहा टक्के नमुना घ्या’ हा सल्ला तोंडोतोंडी चालत आलेला आहे आणि तो टाकून द्यावा असाच आहे. अचूकता मुख्यतः नमुन्यात किती जण आहेत यावर ठरते. ते समष्टीच्या किती टक्के आहेत, याचा प्रभाव फार थोडा. एखाद्या प्रश्नाला ‘हो’ म्हणणाऱ्यांची टक्केवारी 95 टक्के विश्वासपातळीवर (असे 100 नमुने काढले तर सुमारे 95 वेळा अंदाज ठरलेल्या मर्यादेत पडावा), 5 टक्के कमी-जास्त इतक्या अचूकतेने हवी असेल, तर उत्तर सुमारे निम्मे-निम्मे असण्याची सर्वांत अवघड परिस्थिती धरून गरज पडते ती अशी: समष्टी 850 असेल तर 265 जण, 1,000 असेल तर 278, 10,000 असेल तर 370, एक लाख असेल तर 383, आणि एक कोटी असेल तर 385. समष्टी शंभरपट झाली, एक लाखाची एक कोटी, आणि नमुना वाढला दोनने.

दहा टक्क्यांचा नियम पाळला असता तर 200 जणांच्या समष्टीतून 20 जण घेतले असते, त्रुटी जवळजवळ 21 टक्के इकडे-तिकडे. आणि कोटीतून दहा लाख, म्हणजे पैशांचा चुराडा. शितावरून भाताची परीक्षा करताना भांडं केवढं आहे हे कुणी विचारत नाही. फक्त भात सगळीकडे सारखा शिजतो म्हणून एक शीत पुरतं, आणि माणसांची उत्तरं सारखी नसतात म्हणून 385 लागतात.

अचूकता वाढवणं महाग आहे. त्रुटी नमुन्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होते, म्हणजे ती निम्मी करायची तर नमुना चौपट. 5 टक्क्यांसाठी 385, 3 टक्क्यांसाठी 1,068, 1 टक्क्यासाठी 9,604. मोठमोठ्या देशांच्या मतचाचण्या हजार-दीड हजार माणसांवर का थांबतात, त्याचं उत्तर या आकड्यांत आहे. आणि एक खबरदारी: हे आकडे एकूण समष्टीबद्दलच्या एका टक्केवारीसाठी आहेत. त्याच 385 जणांत तिशीच्या आतल्या स्त्रियांचं मत वेगळं काढायला गेलात आणि तशा 40 च निघाल्या, तर त्या उत्तराची त्रुटी 40 जणांची असते.

नावं काढून झाली की आपण सुटलो असं वाटतं. खरी परीक्षा मग सुरू होते. निवडलेल्या माणसापर्यंत पोचायलाच हवं. तो घरी नाही म्हणून शेजारच्याला विचारलं, की दारात उभं राहिल्यासारखंच झालं: घरी सापडणारे आणि न सापडणारे यांचं जगणं वेगळं असतं. पुन्हा जायचं, वेगळ्या वेळी जायचं, फोन करायचा. तरीही काही जण राहतीलच. त्यांचं वजन किती असतं ते बघा. 400 जण निवडले, 250 जणांनी उत्तर दिलं, त्यांतल्या 150 जणांनी ‘हो’ म्हटलं. आपण लिहितो 60 टक्के. पण गप्प राहिलेल्या 150 जणांचं मत आपल्याला ठाऊक नाही. ते सगळे ‘नाही’वाले असतील तर खरा आकडा 37.5 टक्के, सगळे ‘हो’वाले असतील तर 75. इतकं टोकाचं सहसा नसतं, पण 5 टक्के त्रुटी छातीठोकपणे लिहिताना हा पट्टा मनात असावा. प्रतिसाद कमी येणार हे गृहीत धरून सुरुवातीलाच जास्त नावं काढतात, ते योग्यच. 70 टक्के उत्तरं येतील असं वाटत असेल तर 385 साठी 550 नावं काढायची. त्याने संख्या भरून निघते, झुकाव नाही. म्हणून किती निवडले, किती भेटले, किती जणांनी नकार दिला, हे तिन्ही आकडे अहवालात आलेच पाहिजेत.

उत्तर मिळालं तरी मोजमाप चुकू शकतं, आणि त्याचा दोष नमुन्याकडे जात नाही. भारतात पीक उत्पादनाच्या पाहण्या सुरू होत होत्या तेव्हा, 1940 च्या दशकात, यावर मोठा वाद झाला. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबीस शेतात लहान तुकडे कापून उत्पादन मोजत, दुसरे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी दाखवलं की तुकडा फार लहान असला की उत्पादन प्रत्यक्षापेक्षा जास्त भरतं, कारण कडेवरची रोपं आत धरली जातात. लहान तुकड्याची कडच त्याच्या मानाने मोठी. तुकड्यांची जागा कितीही यादृच्छिक निवडली तरी ही चूक जात नाही, कारण ती प्रत्येक तुकड्यात त्याच दिशेने होते.

साधी यादृच्छिक निवड सगळीकडे जमत नाही, आणि जमली तरी ती नेहमी शहाणपणाची नसते. समष्टीत एखादा गट 2 टक्केच असेल आणि आपण 100 जण निवडले, तर त्या गटातलं एकही माणूस न येण्याची शक्यता 13 टक्के आहे. त्या गटाबद्दल बोलायचं असेल तर आधी समष्टीचे स्तर पाडायचे आणि प्रत्येक स्तरातून वेगळा साधा यादृच्छिक नमुना काढायचा. निवडलेली 400 माणसं 400 गावांत विखुरली तर प्रवासातच बजेट संपेल. तेव्हा आधी काही गावं किंवा शाळा यादृच्छिक काढतात आणि मग त्यांच्यातली माणसं. याला समूह निवड म्हणतात. पूर्ण यादी मिळण्याजोगी नसते तेव्हाही तिचाच आधार असतो, कारण मग यादी निवडलेल्या गावांचीच करावी लागते.

समूह निवडीची किंमत मात्र मोजावी लागते, आणि सॉफ्टवेअर ती आपणहून मोजत नाही. एका शाळेतली मुलं एकमेकांसारखी असतात, म्हणून विसाव्या मुलाकडून मिळणारी नवी माहिती पहिल्यापेक्षा कमी. 20 शाळा आणि प्रत्येकीतून 20 मुलं घेतली, आणि एका शाळेतल्या मुलांमधला सहसंबंध (ती एकमेकांसारखी किती, याचं माप) अवघा 0.05 असला, तरी विचरण, म्हणजे अंदाज किती पसरतो याचं माप, 1 अधिक 19 गुणिले 0.05, म्हणजे 1.95 पट होतं. कागदावर 400 मुलं, अचूकता मात्र साध्या यादृच्छिक पद्धतीने काढलेल्या सुमारे 205 मुलांइतकी. आपण काही सांगितलं नाही तर सॉफ्टवेअर आपला नमुना साधा यादृच्छिक आहे असंच धरतं, 400 घेऊन भागाकार करतं आणि त्रुटी हवी त्यापेक्षा जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी छापतं. शाळेचा रकाना समूह म्हणून नोंदवला तरच ते बरोबर उत्तर देतं.